आमच्याकडे तसलं काही नाही

“पित्त,” सासूबाई म्हणाल्या. “माझे सासरे पित्तानं गेले.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “पित्तानं?”

“आदल्या रात्री तळलेलं खाल्लं होतं हो. नको नको म्हणत होते सगळे.”

सुनेनं डोळे मिटून घेतले. तपासणीच्या खोलीत खुर्च्या दोनच. एकीवर सासूबाई, दुसरीवर ती. नवरा दाराला टेकून मोबाइलमध्ये तोंड घालून उभा. आणि उंच पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसलेली पंधरा वर्षांची लेक, दंडाला पट्टा गुंडाळलेला. शाळेच्या पोहण्याच्या संघात तिची निवड झाली, तपासणीत रक्तदाब जास्त निघाला. पुन्हा मोजला, पुन्हा जास्त. दुसऱ्या दवाखान्यात मोजला, तिथंही तेच. आता बिघडलंय म्हणायला एकही यंत्र उरलं नव्हतं.

“हे बघा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एवढ्याशा पोरीला एवढा दाब म्हणजे मला कारण शोधायला हवं. घराण्यात हृदयाचा आजार असेल तर मी आधी हिचं हृदय तपासेन, आणि तोवर हिला पाण्यात उतरू देणार नाही. म्हणून नीट सांगा. कमी वयात कोण गेलं आणि कशानं गेलं?”

“आमच्याकडे तसलं काही नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“तुमचे मिस्टर?”

“ते दगदगीनं. बहिणीच्या लग्नात फार धावपळ झाली त्यांची.”

“आणि दीर?”

“एकच होते. त्यांना ऊन बाधलं.”

“भर थंडीत?” सुनेला राहवलं नाही.

“थंडीतलं ऊन जास्त वाईट,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

सून वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसायची. मीटर आपोआप थांबलं, वायर उंदरानं नेली, बिल आलंच नाही, असल्या थापा दिवसभर हसतमुखानं ऐकून घ्यायची. घरी येऊन पुन्हा तेच ऐकायचं. लग्न होऊन आली तेव्हापासून या घरात माणसं जायची ती पित्तानं, उन्हानं, वाऱ्यानं. छातीत कळ येऊन म्हणून कुणी गेलंच नव्हतं. आज मात्र पोर समोर पट्टा बांधून बसली होती.

“डॉक्टर, मी सांगते,” ती म्हणाली. “आजेसासरे, सासरे, चुलतसासरे. तिघंही छातीत कळ येऊन गेले. पन्नाशी एकानंही पाहिली नाही.”

“अगं, हळू...” नवरा दारातून पुटपुटला.

“तुम्ही तर बोलूच नका. तुमची ती रोज सकाळची गोळी कसली आहे, सांगा ना!”

“ताकदीची,” नवरा म्हणाला.

“बाबा, ती बीपीची आहे?” लेक एकदम ताठ बसली.

“ताकदीचीच, पण... बीपीच्या माणसांची.”

लेक फिसकन हसली. डॉक्टरीणबाईंनीही तोंडावर हात नेला. सासूबाईंना मात्र हसू आलं नाही.

“पोरीदेखत असं बोलू नये,” त्या म्हणाल्या. “नाव घेतलं की ते घरात राहायला येतं.”

“ते कधीचं राहतंय, आई! आपण फक्त त्याला ओळख दाखवत नाही. तुमच्या या झाकाझाकीपायी माझ्या पोरीला काही झालं म्हणजे? तेव्हा काय म्हणाल, पाणी बाधलं?”

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“मला पोहायला मिळणार आहे का नाही?” लेकीनं विचारलं.

“बरं झालं, बोललात,” डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता सुनेला म्हणाल्या. “ही झाली सासरची बाजू. आता तुमच्या माहेरचं सांगा.”

“आमच्याकडे तसलं काही नाही.”

“आईवडील?”

“आई अगदी खणखणीत आहे. वडील नाहीत. ते झोपेत गेले.”

“वय काय होतं?”

“बेचाळीस.”

पेन थांबलं.

“तसं नाही हो,” ती घाईघाईनं म्हणाली. “त्यांना काही आजार नव्हता. कामावरून थकून आले, जरा पडतो म्हणाले. मीच चहा घेऊन उठवायला गेले होते. मी तेव्हा हिच्याएवढीच होते. इतका शांत चेहरा होता त्यांचा... घामानं उशी सगळी भिजली होती, पण उकाडाच तसा होता, म्हणून...”

तक्रार खिडकीपलीकडून रोज ऐकू येणारा तो आवाज आज तिच्याच तोंडून येत होता. दारातल्या नवऱ्यानं मोबाइल खिशात घातला. लेक तिच्याकडे टक लावून बघत होती.

सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आता टोमणा येणार, आणि तो आपण मुकाट ऐकून घ्यायचा, हे सुनेनं गृहीतच धरलं. सासूबाई तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा खरबरीत हात तिच्या पाठीवरून सावकाश खाली आला, पुन्हा वर गेला.

“झोपच होती गं ती,” त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. “शांत झोप.”

मग त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

“लिहा, बाई,” त्या म्हणाल्या. “दोन्हीकडून लिहा.”