गिल्बर्टचा होकार

“घ्या लेफ्टनंट, स्ट्रॉबेरी घ्या. आमच्याच बागेतली आहे, तुमच्या अर्ध्या पगारातही परवडेल,” गिल्बर्ट स्टॅन्वे म्हणाला, आणि बशी त्यानं मुद्दाम एवढ्या लांब ठेवली की फ्रान्सिस डॅकरला खुर्चीतून उठून हात पुढे करावा लागला.

लेटिशियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खा भाऊ, पण माणसाला आपण होऊन घरी बोलवायचं आणि असं बोलायचं! हिरवळीवर मांडलेल्या टेबलाभोवती चौघंच होती. त्यातल्या चौथ्या मिसेस थॉर्बी, म्हणजे गावच्या पाद्र्यांची बायको. त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळच्या आत गावभर व्हायची.

दोन वर्षं हेच चाललं होतं. फ्रान्सिसनं मागणी घातली, लेटिशिया हो म्हणाली आणि गिल्बर्ट नाही म्हणाला. वडील गेल्यापासून तोच तिचा पालक. एकवीस वर्षांची होईपर्यंत त्याच्या संमतीशिवाय तिला लग्न करता येत नव्हतं. “आई अशीच वडिलांच्या पलटणीमागे छावण्या तुडवत फिरली आणि भाड्याच्या खोलीत तापानं गेली. तुझं मी तसं होऊ देणार नाही,” हे एकच पालुपद. पुढे लढाई संपली, नौदलानं फ्रान्सिसला अर्ध्या पगारावर घरी बसवलं, तरी पालुपद तेच. तिनं रडून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. हा आपला ढिम्म.

पण पुढच्या महिन्यात तिला एकवीस वर्षं पूर्ण होणार होती. मग बस म्हणावं बोंबलत! दया यायची ती फ्रान्सिसची. हल्ली त्याचं येणं कमी झालं होतं. आला तरी टेकल्यासारखं करायचा आणि निघायचा. पण दर वेळी असा पाणउतारा होणार असेल तर कोण कशाला येईल? तिनं त्याला कधी दोष दिला नाही. सगळा दोष गिल्बर्टचा.

“आणखी काय घालूनपाडून बोलायचं असेल ते आजच बोलून घे,” ती भावाला म्हणाली. “पुढच्या महिन्यानंतर तुला विचारतंय कोण?”

“छे गं, आता कसलं बोलणं.” गिल्बर्टनं शांतपणे रुमालाला बोटं पुसली. “मी हरलो, लेटी. लेफ्टनंट, माझी संमती आहे. आणि पुढच्या महिन्यापर्यंत तरी कशाला थांबायचं? येत्या रविवारीच चर्चमध्ये पुकारा करू लग्नाचा. काय मिसेस थॉर्बी, सांगाल ना घरी?”

“अगं बाई!” मिसेस थॉर्बींनी टाळ्याच वाजवल्या.

लेटिशियाला हसावं की रडावं कळेना. ती फ्रान्सिसकडे वळली.

तो पांढराफटक पडला होता. तोफांच्या माऱ्यात उभा राहिलेला हा माणूस, पण आत्ता त्याला घाम फुटला होता. तो गिल्बर्टकडे बघत नव्हता, तिच्याकडेही नाही. तो फाटकापाशी बांधलेल्या आपल्या घोड्याकडे बघत होता.

“या रविवारी?” तो म्हणाला. “म्हणजे... आभारी आहे. फार उपकार झाले.”

“फ्रान्सिस, तुला आनंद नाही झाला?”

“मी शब्द दिलाय, लेटिशिया. दिलेला शब्द मी पाळणार.”

दोन वर्षांपूर्वी याच हिरवळीवर तो म्हणाला होता, उपाशी राहू, पण एकत्र राहू. आता नुसता शब्द उरला होता. आणि तो शब्द त्याला मोडता येणार नव्हता, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पुरुषानं मोडला तर कुठलंही सभ्य घर त्याला दारात उभं करत नाही. मोडायचा तर तो बाईनंच. म्हणजे तिनं फक्त गप्प बसायचं होतं. तो तिला चर्चमध्ये घेऊन गेला असता, जन्मभर नीट वागवलं असतं, आणि जन्मभर असाच फाटकाकडे बघत बसला असता.

बसावं गप्प, असं तिच्या मनात आलंही. खोटं कशाला बोला, चांगलं घटकाभर आलं.

“मी तुला मोकळं करते,” ती शेवटी म्हणाली. “माझा विचार बदललाय. मिसेस थॉर्बी, नीट ऐकलंत ना? विचार माझा बदललाय, त्याचा नाही.”

फ्रान्सिसचा जीव भांड्यात पडला. ते त्याला लपवताही आलं नाही. त्यानं तिच्या हाताचं चुंबन घेतलं, गेल्या वर्षभरात घेतलं नव्हतं इतक्या मायेनं. काहीतरी पुटपुटला आणि गेला. मिसेस थॉर्बींनाही एकाएकी घरची कामं आठवली.

भाऊ-बहीण तेवढी उरली.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “त्याचं मन उडालंय, हे तुला माहीत होतं.”

“बरेच दिवस. म्हणून तर आज बोलावलं त्याला. पुढच्या महिन्यात तू आपण होऊन त्याच्या गळ्यात पडली असतीस, आणि त्यानं कर्तव्य म्हणून संसार केला असता. ते मला बघवलं नसतं.”

“दुष्टा, मग दोन वर्षं माझा छळ कशाला मांडलास?” ती ओरडली. “तेव्हाच हो म्हणायचं होतंस! तेव्हाच त्याचं बिंग फुटलं असतं. मी अशी वेड्यासारखी वाट बघत बसले नसते!”

गिल्बर्टनं तिच्या खांद्यावरून घसरलेली शाल हळूच नीट केली.

“तेव्हा हो म्हटलं असतं,” तो म्हणाला, “तर त्यानं खरंच लग्न केलं असतं.”