सापळ्याचा दिवा

गेल्या साली बोंडअळीनं निम्मी कपाशी खाल्ली, म्हणून यंदा कडूबा त्या अळीचे पतंग धरायच्या सापळ्यासाठी एलईडी दिवा घ्यायला नांदुऱ्याला पूनमच्या दुकानात गेला. तिनं मंद जांभळा दिवा पुढं केला.

“काका, लुमेन हे माणसाच्या डोळ्याले दिसणाऱ्या उजेडाचं माप. पतंगाले जांभळा उजेड दिसते, त्याचे वॅट पाहा.”

“मलेच धड दिसत नाही, ते पतंगाले काय दिसन?” म्हणत त्यानं सगळ्यात जास्त लुमेनचा पांढराशुभ्र दिवा उचलला आणि दिवेलागणीला गावालगतच्या वावरात, पाण्याच्या घमेल्यावर टांगला. जेवण उरकून मोठ्या आशेनं पाहायला गेला.



घमेल्यात पतंग नावालाच होते. दिव्याखाली मात्र गल्लीतली सगळी माणसं सतरंजी अंथरून पत्ते पिसत बसली होती.