अर्धी गोळी

काटकसर शिकावी तर शिवणकाम करणाऱ्या वहिनींकडून, असं सगळी इमारत म्हणायची. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून त्या साबणाची वडी चिरून तुकडातुकडा वापरत, टूथपेस्टची नळी कापून उरलंसुरलं निपटून काढत. एका सकाळी सासरे चहा पिता पिता खुर्चीतच कलंडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “रक्तदाबाची गोळी रोज घेतात ना?” “एकही दिवस चुकवत नाहीत,” वहिनी छातीठोकपणे म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतली डबी उघडली. आत सगळ्या अर्ध्याच गोळ्या होत्या, ब्लेडनं नीट कापलेल्या. वहिनी सासऱ्यांच्या खाटेकडे वळल्या. “बाबा, हे काय केलंत?” सासऱ्यांची जीभ जड झाली होती. “तू एकटीनंच... किती ओढायचं, पोरी? म्हटलं, आपलाही हातभार.” ते घरी परतले तेव्हापासून त्या रोज स्वतः अख्खी गोळी भरवतात आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत.