मनाची तपासणी

"डोळ्यांत टिपूस जरी आलं ना, तर संपलंच सगळं," मालकीणबाईंनी पुन्हा बजावलं. "विचारेल तेवढंच बोलायचं. शहाणपणा नको."

"बरं," खुर्चीतली म्हणाली. तिच्या करड्या झग्यावरची नंबराची पट्टी मालकीणबाईंनी नीट केली.

घोर लागावा असंच घडलं होतं. मालक गेले तेव्हा त्यांची सेवा करणारं मशीन गच्चीत ओक्साबोक्शी रडलं, आणि नेमकं ते शेजारणीने पाहिलं. तिच्या तोंडात कुठला तीळ भिजायला! कंपनीपर्यंत गेलंच. ज्या मशीनला मन फुटतं ते कंपनी उचलून नेते आणि पुसून कोरं करते. अगदी माणसासारखं दिसणारं, बोलणारं, तरी कोरं.

बेल वाजली. कंपनीचा तपासनीस आत आला, पट्टीवरचा नंबर त्याने ताडून पाहिला आणि समोर बसला. स्वयंपाकघराच्या दारात दुसरी एक उभी होती, हातातलं पातेलं घट्ट धरून.

"ही आमची सून," मालकीणबाई घाईघाईने म्हणाल्या.

तपासनीस खुर्चीकडे वळला. "तुला काय आवडतं?"

"घरच्यांना आवडेल ते."

"कंटाळा येतो?"

"कामं असतात."

"सगळ्यात आनंदाचा दिवस कुठला?"

मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"आठवत नाही."

"आम्ही तुला इथून नेलं तर?"

दारात पातेलं खणकन पडलं. "जरा हळवी आहे हो आमची सूनबाई," मालकीणबाई कसनुसं हसल्या.

"घाबरू नका, वहिनी," तपासनीस दाराकडे बघून म्हणाला. खुर्चीतली मात्र जागची हलली नव्हती.

"ठेवाल तिथे राहीन," ती म्हणाली.

"आत्ता मनात काय चाललंय?"

"गॅसवर दूध आहे. उतू जाईल."

तपासनिसाला हसू फुटलं. "हिला कसलं मन आणि कसलं काय! शेजारीणबाईंना भास झाला असेल." त्याने सही ठोकली आणि निघाला.

दार लागलं तशी पातेलंवाली हमसून हमसून रडायला लागली. मालकीणबाईंनी तिला पोटाशी धरलं. "रड हो आता, गेला मेला! कुणी नेत नाही तुला." मग त्या खुर्चीकडे वळल्या. "आणि सूनबाई, तू तर कमालच केलीस गं! हुबेहूब मशीन! एकेक उत्तर सुचलं तरी कसं?"

सुनेने करडा झगा डोक्यावरून काढला, घडी घालून ठेवला.

"सुचायचं काय त्यात, आई? खरं तेच सांगितलं."