सगळ्यांत आधी सही

भर शहरातला आमचा मॉल पाडून नवा बांधायचा, तर सत्तर टक्के जागेच्या मालकांच्या सह्या हव्यात. आमचं छोटंसं दुकान चपलांचं. समोर अर्धा मॉल व्यापलेलं माझ्या थोरल्या दिरांचं, तेही मुद्दाम चपलांचंच! सख्खे भाऊ, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

मीटिंगमध्ये ह्यांनी सगळ्यांत आधी उठून सही ठोकली. दीर उसळले, "हा हो म्हणतोय? मग मी मेलो तरी सही करणार नाही!" बिल्डर कागद गुंडाळून तणतणत निघून गेला.

घरी येताच मी ह्यांच्यावर तुटून पडले, "चालतं दुकान पाडायला सही देता? डोकं ठिकाणावर आहे का?"

हे चहा ढवळत म्हणाले, "मी नको म्हटलं असतं, तर त्या खवीसानं हटकून सही केली असती."