जास्तीचे अठ्ठावीस

सुयोगच्या घरापासून आसनगाव स्टेशन चौदा किलोमीटर. पहाटे मोटारसायकल तिथल्या पार्किंगमध्ये लावून तो ठाण्याला कामावर जाई आणि रात्री परते. तीन वर्षांची कुणाली दोन्ही वेळा झोपलेली असे. तिकीट तपासनीस त्याला ओळखू लागला होता, पोरगी नाही. रविवारी त्याने उचलून घेतलं, की ती रडून घर डोक्यावर घ्यायची.

गेला महिनाभर मात्र परतताना गाडीच्या मीटरवर रोज अठ्ठावीस किलोमीटर जास्तीचे दिसत होते.

"गणू, माझी गाडी कोण फिरवतो रे?" त्याने पार्किंगवाल्याला दरडावलं.

"तुमीच की, दादा! दुपारी जेवायला घरी जाता ना? पोरगी वाट बघते म्हणता."

दुसऱ्या दिवशी सुयोगने रजा टाकली. गाडी नेहमीच्या जागी लावली आणि किल्ली मुठीत धरून तो रिक्षाने घरी आला. बायकोने, दर्शनाने, पाणी दिलं; विचारलं काहीच नाही. कुणाली तिच्या पदराआड लपली.

एक वाजता अंगणात त्याच्याच गाडीचा हॉर्न वाजला.

"बाबा आलं!" कुणाली टाळ्या पिटत धावली.

दर्शनाने घाईघाईने ताट वाढलं आणि सुयोगला हळूच म्हणाली, "तुमी मागल्या दारानं जा, दादा. आमचे हे जेवायला आलेत."