शिंपल्याची खूण

समुद्राच्या तळाशी हात कमरेच्या लोखंडी आकड्याकडे गेला आणि ओक-सुन आजीने तो स्वतःच आवरला. समोर वाळूतून लाकडाची कड बाहेर आली होती, आणि तिच्यात चौकोनी भोक होतं, माणसाने पाडलेलं. सहा वर्षं जेजू बेटाच्या या पाण्याखाली नुसते जुने वाडगे सापडत होते. ते वाहून आणणारं जहाज कुणाला दिसलं नव्हतं. ते आज दिसलं, तेही एकाहत्तर वर्षांच्या बाईला, तिचा दम संपत आलेला असताना.

दिसलं की उपटायचं आणि जाळ्यात टाकायचं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. गेल्या महिन्यात असाच एक हिरवा वाडगा तिने मोठ्या तोऱ्यात बोटीवर आणला होता. शाबासकी दूरच, वाडगा नेमका कुठे पडला होता हे आता कळायची सोय राहिली नाही म्हणून बुडालेल्या जुन्या वस्तूंची पाहणी करणाऱ्या सरकारी साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. पुन्हा काही उचललंत तर पाहणीच्या यादीतून नाव जाईल, असंही बजावलं.

पण सोडून वर जावं, तर वादळानंतर वाळू तासातासाला सरकत होती. छाती फुटायला आली. खडकाला चिकटलेला अबालोन, म्हणजे मोठा किमती शिंपला, एका दमात निघाला नाही, की इथल्या बुडी मारणाऱ्या बाया परत येण्यासाठी खूण ठेवून वर जातात. तिने पिशवीतला छोटा शिंपला काढला, चकाकती बाजू वर करून लाकडाशेजारी रोवला आणि पाय मारला.

वर येऊन तिने शीळ घालत श्वास सोडला. बोटीवर यांग बोरा होती, एरवी बँकेत बसणारी आणि रविवारी पाठीला हवेचं नळकांडं बांधून बुडणारी पोर. गावच्या सगळ्या म्हाताऱ्यांना म्हणतात तसं समचून म्हणत तिने भीतभीत विचारलं, "समचून, काय आणलंत?"

"काही नाही. खूण ठेवून आले."

साठ वर्षांत ही पहिल्यांदा रिकामी वर आली, हिला आधी डॉक्टरला दाखवा, असं तिच्याबरोबर बुड्या मारणारी मल-जा म्हणाली. आजीने तिकडे लक्षच दिलं नाही. खाली माणसाने भोक पाडलेलं लाकूड आहे, दीपस्तंभ आणि काळा खडक एका रेषेत येतात तिथे बुडायचं, असं तिने सांगितलं, आणि बोरा आणखी दोन नळकांडंवाल्यांना घेऊन खाली गेली.

आजीला बसवेना. वाळूने झाकलं असलं तर? नुसता कुजका ओंडका असला तर? म्हातारीला भास झाला म्हणतील. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिचं काळीज एवढं धडधडलं नव्हतं.

बोरा वर आली ती हसतच. "सात फळ्या दिसल्या, समचून. एकीला एक जोडलेल्या. जहाजच आहे."

साहेबांनी वही टाकून टाळ्या वाजवल्या. आजीचे डोळे भरून आले. ते लपवायला ती बोरावर खेकसली, "आणि माझा शिंपला? उचललात की काय?"

"छे. फोटो काढले, मापं घेतली. तो आहे तिथेच आहे," बोरा म्हणाली. "दुसरीच्या खुणेला कुणी हात लावतं का?"